‘पुट ऑफ’ नीट समजावणारा कोश

‘पुट ऑफ’ म्हणजे लांबणीवर टाकणे, एवढेच धरून चालणाऱ्या मला ऑक्सफर्डच्या ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरीत एखाद्या गोष्टीवरून मन उडवणे हा अर्थही सापडला. सर्वांत मोलाचे वाटले ते नोंदीतील छोटे दुहेरी बाणचिन्ह. कर्म ‘ऑफ’च्या आधी वा नंतर, दोन्हीकडे चालते, हे त्यातून एका नजरेत कळते. म्हणून ‘पुट ऑफ द मीटिंग’ आणि ‘पुट द मीटिंग ऑफ’ ही दोन्ही बरोबर आहेत, पण सर्वनाम आले की ‘पुट इट ऑफ’ असेच म्हणावे लागते. कोश इंग्रजी-इंग्रजी असल्यामुळे मराठी प्रतिशब्द आपणच शोधायचा असतो. मला ‘वासानेच जेवणावरची इच्छा उडाली’ हे वाक्य सुचले आणि दुसरा अर्थ मनात पक्का बसला.