वाळ्याची ताटी, सलाइनची नळी आणि बाबांची पद्मिनी

"पोरी, हा पंखा तं माझ्या तोंडावर आगच फेकून राहिला," असं म्हणत आईनं देवळी गावाच्या पुढे हात लांबवून गाडीतला पंखा बंद केला. एप्रिलचा शेवटचा आठवडा होता, वेळ दुपारी दीडची. पंखा घेऊन चारच दिवस झाले होते. आईचं म्हणणं खरंच होतं, हे मला घरी येऊन थर्मामीटर काढल्यावर पटलं. त्या चार दिवसांपासून पावसाळा लागेपर्यंत जे जे घेतलं, बसवलं आणि वापरलं, त्याचा हा अनुभव. आमच्यासारखी जुनी, बिनएसीची गाडी विदर्भात उन्हाळ्यात चालवणाऱ्यांना उपयोगी पडेल.

गाडी बाबांची आहे, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. आई यवतमाळला भावाकडे असते आणि तिच्या डोळ्यांच्या इंजेक्शनसाठी महिन्यातून एकदा तिला वर्ध्याला आणावं लागतं. सकाळी साडेपाचला निघालं तर येताना काहीच त्रास नाही. पण दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपार होते आणि आईला त्याच दिवशी परत जायचं असतं. वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ. अंतर सत्तरेक किलोमीटर, पण मे महिन्यात आणि शेजारी ७९ वर्षांची आई असताना ते फार लांब वाटतं. एसी बसवून घेण्याचा विचार केला होता. १०८९ सीसीच्या त्या इंजिनावर कॉम्प्रेसरचा भार टाकायला आमचा मिस्त्री तयार झाला नाही आणि मलाही बाबांच्या गाडीचं डॅशबोर्ड कापून घ्यायचं नव्हतं.

आधी पंख्याबद्दल. पहिला घेतला तो ४५० रुपयांचा, चिमट्याचा, प्लास्टिकचा. गाडी दोन तास उन्हात उभी राहिली तर चिमटा मऊ पडून पंखा मान टाकायचा. दुकानदारानं परत घेतला नाही. दुसरा एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून घेतला: सहा इंची, १२ व्होल्टचा, लोखंडी जाळीचा, स्क्रूनं बसवायचा. ८५० रुपये, आणि वायरिंगचे १५० वेगळे. आमच्या गाडीत लायटरचं सॉकेट नाही, म्हणून त्यानं वेगळी वायर ओढून मध्ये फ्यूज टाकून दिला. हा फ्यूज टाळू नका, जुन्या गाडीच्या वायरी उन्हानं कडक झालेल्या असतात. पंखा मजबूत आहे, दोन वेग आहेत, आवाज पद्मिनीच्या इंजिनापुढे ऐकूही येत नाही. वस्तू म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही.

पण एकटा पंखा आमच्याकडच्या दुपारी चालत नाही. मी शाळेत ३१ वर्षं विज्ञान शिकवलं. अंगाच्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं, हे मीच मुलांना सांगितलेलं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. हवा ४४ अंशांची असेल तर तोच वारा उष्णता अंगात आणून सोडतो. मग वाचवतो तो फक्त घाम. आणि म्हाताऱ्या माणसाला घाम कमी येतो, तहानही कमी लागते. आई तक्रार करते म्हणून बरं. न बोलता सोसणारं माणूस शेजारी असतं तर मला कळलंही नसतं.

घरी अंगणात दोन थर्मामीटर टांगले, एकाच्या फुग्याला ओली सुती वात गुंडाळून. कोरडा ४४ दाखवत होता, ओला २२. हे बावीस अंशांचं अंतर हीच विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्याची देणगी. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून घेतं. घराघरातले कूलर ह्याच जोरावर चालतात. गाडीलाच का नाही लावलं, असं वाटलं.

मार्च संपता संपता कूलरच्या ताट्या बांधणारे रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसतात. त्यांच्यातल्या एकाकडे गेले. वर्तमानपत्रावर आमच्या पुढच्या दाराच्या तिकोनी काचेचा आकार काढून नेला होता. पद्मिनी चालवलेल्यांना ही काच आठवत असेल. खिट्टी सोडून पूर्ण फिरवली की बाहेरचा वारा ओंजळीत धरल्यासारखा आत घेते. ताटीवाले दादा कागद बघून म्हणाले, "मॅडम, येवढी बारकी ताटी म्या आजलोक नाही बांधली." पण बांधली, आणि फार मन लावून बांधली. बांबूच्या बारीक कमट्यांची चौकट, दोन्ही बाजूंनी विरळ जाळी आणि मधे वाळा, बोटभर जाड. मी मागितलेली जाडी त्यांनी कमी केली. "दाटून भरला तं हवा नाही येत," म्हणाले. वाळाही नवा, लांब मुळांचा घातला; जुना वाळा पाणी धरत नाही, भुगा होतो, हे तिथेच दाखवलं. दोन ताट्यांचे १८० रुपये घेतले. ह्या उन्हाळ्यात माझा सर्वांत सार्थकी लागलेला खर्च हाच.

ताटी तिकोनी काचेच्या आतून सुतळीनं बांधते. ती ओली ठेवायची कशी, ह्यावर दोन फेऱ्या गेल्या. आधी फवाऱ्याची बाटली वापरली. चालवता चालवता ते जमत नाही आणि आईच्या बोटांत जोर नाही. मग औषधाच्या दुकानातून सलाइनची नवी नळी आणली, चाकाच्या चिमट्यासकट. पाच लिटरची कॅन मागच्या खिडकीजवळच्या फळीवर, नळी छताच्या कडेनं पुढे, टोक ताटीच्या वरच्या कमटीवर. चाक फिरवून थेंब कमीजास्त करता येतात. तासाला दीड-दोन लिटर लागतं. खाली पडणाऱ्या पाण्यासाठी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा उथळ ट्रे करून ठेवला आहे.

पुढच्या फेरीला थर्मामीटर सोबत होता. कळंबच्या अलीकडे बाहेर ४३, डॅशबोर्डवर ४५ आणि ताटीतून येणाऱ्या झोतात ३३. आईनं पदर डोक्यावरून खाली घेतला आणि म्हणाली, "वाळ्याचा वास येऊन राहिला, आपल्या जुन्या घरासारखा." थोड्या वेळानं तिला झोप लागली. रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ताटीतला वारा थांबला आणि पंख्याची खरी जागा मला सापडली. इलेक्ट्रिशियननं तो माझ्या समोर, काचेच्या मधोमध लावला होता. तो काढून ताटीच्या लगेच आत, आईच्या गुडघ्याच्या वर बसवून घेतला, तोंड मागच्या बाजूला. आता गाडी उभी असली तरी तो ओल्या ताटीतून हवा ओढतो. ह्या जागी त्याला पैकीच्या पैकी गुण.

उणिवा आहेत. ट्रे ठेवूनही पाणी दाराच्या उंबऱ्यापर्यंत जातं आणि पद्मिनीचा पत्रा गंजायला निमित्तच शोधत असतो, म्हणून घरी आल्यावर रबरी चटई उचलून तळ पुसून काढावा लागतो. बोअरचं पाणी वापरलं तर आठवड्यात ताटीवर पांढरा क्षार धरतो. डाव्या तिकोनी काचेतून बाहेरचं दिसेनासं होतं, आरशाकडे बघायची सवय नव्यानं लावून घ्यावी लागली. सगळ्या काचा पूर्ण बंद ठेवून चालत नाही. मागची एक चार बोटं उघडी हवी, नाहीतर आतली हवा दमट होऊन सगळं फुकट जातं.

पिण्याच्या पाण्यासाठी कॅनव्हासची छागल घेतली, बाबांच्या वेळी असायची तशी. पहिले दोन दिवस पाण्याला कापडाचा वास येतो, तेवढं पाणी झाडांना घालावं. बंपरच्या कडेला टांगायची, रेडिएटरच्या समोर नाही. पाझरून पाझरून तासाभरात पाणी माठासारखं होतं. फ्युएल पंपावर ओला फडका मात्र मी आजही टाकते. पेट्रोलची वाफ नळीत अडली की ही गाडी भर रस्त्यात बंद पडते आणि मग आतल्या थंडाव्याचा उपयोग नाही. रेक्झिनच्या सीटवर घडीची सतरंजी अंथरते. लाकडी मण्यांचं कव्हर आणलं होतं, ते आईच्या पाठीला टोचलं.

रत्नागिरीच्या नणंदेनं हे ऐकून एक ताटी पाठवायला सांगितलं. तिला मी नको म्हटलं. कोकणात, मुंबईत हवेत आधीच पाणी असतं, तिथे वाळा नुसता ओला राहील. उलट तिथे हवा ३३-३४ अंशांची असते, म्हणून नुसता सहा इंची पंखाच अंगावरचा घाम सुकवायला पुरेल. आमच्याकडेही मृग लागून पाऊस पडल्यावर ताटीचा उपयोग संपला. सावलीत वाळवून, कोरड्या कापडात गुंडाळून ठेवली आहे.

मे महिन्यात मैत्रिणीसाठी आणखी दोन घ्यायला गेले तर दादांकडचा चांगला वाळा संपला होता. करून घ्यायची असेल तर होळीच्या आसपास सांगून ठेवा, आणि आपल्या गाडीच्या काचेचा कागद कापून सोबत न्या.