१८५/६५ आर १५ मापाचे टायर: जास्त चालणारा घ्यावा की पावसात धरणारा?

स्विफ्ट आणि डिझायरची वरची मॉडेलं, बलेनोची खालची मॉडेलं या सगळ्यांना १८५/६५ आर १५ मापाचे (१८५ मिलिमीटर रुंद, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंची) टायर लागतात. बदलायची वेळ आली की दुकानात दोन प्रकार समोर ठेवले जातात: 'जास्त चालणारा' आणि 'आरामाचा', म्हणजे शांत आणि पावसात धरणारा. बहुतेक गिऱ्हाइकं जास्त चालणारा उचलतात, कारण पैसे वसूल व्हावेत असं कुणालाही वाटतं. घरगुती गाडीसाठी हा निर्णय बऱ्याचदा चुकतो. का चुकतो ते साध्या गुणाकारातून दिसतं.

गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर चालते असं धरू. सहा वर्षांत होतात ४८,०००. आपल्याकडच्या उन्हात रबर पाच-सहा वर्षांत कडक व्हायला लागतं, बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा येतात. नक्षी कितीही शिल्लक असली तरी असा टायर ओल्या रस्त्यावर घसरतो. म्हणजे ७०,००० किलोमीटर चालण्याची क्षमता असलेला टायर या गाडीवर ४८,००० ला वयानेच बाद होणार. वरच्या २२,००० किलोमीटरचे पैसे तर वाया गेलेच, शिवाय जास्त चालणाऱ्या टायरचं रबर मुळातच कडक, त्यावर सहा पावसाळे काढावे लागले.

दुसरा हिशेब किमतीचा. एक टायर ४,५०० रुपयांचा आणि ४०,००० चालणारा, दुसरा ६,२०० रुपयांचा आणि ५५,००० चालणारा असेल, तर दोन्हींचा खर्च किलोमीटरमागे सव्वाअकरा पैशांच्या आसपास येतो. स्वस्त आणि महाग हा भेद इथे उरतच नाही. उरते ती पकड, आवाज आणि खड्डा सोसायची ताकद. २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. मूळ किंमत तीच राहिली असं मानलं तर जुना ६,४०० चा टायर ५,९०० ला यायला हवा. तेव्हा शेजाऱ्याने दोन वर्षांपूर्वी काय दिले यावर भाव ठरवू नका.

आता मालाकडे. जास्त चालणाऱ्या गटात एमआरएफ झेडएलएक्स, सीएट मिलेज एक्स३, अपोलो अमेझर ४जी लाइफ, गुडइयर अॅश्युरन्स ड्युराप्लस २ आणि ब्रिजस्टोन स्टर्डो ही नावं येतात. रबर कडक, भिंत जाड, खराब रस्त्याला पुरून उरणारे. महिन्याला दीड-दोन हजार किलोमीटर करणाऱ्याने, टॅक्सीवाल्याने किंवा कच्च्या रस्त्याच्या गावी नेहमी जाणाऱ्याने यातूनच घ्यावं. त्याचा टायर वयाने नाही, झिजूनच संपणार. झेडएलएक्स सिमेंटच्या रस्त्यावर आवाज करतो, पण खड्ड्यांतून बिनतक्रार जातो.

दुसऱ्या गटात मिशेलिन एनर्जी एक्सएम२+, गुडइयर अॅश्युरन्स ट्रिपलमॅक्स २, योकोहामा अर्थ-१ आणि सीएट सिक्युराड्राइव्ह आहेत. यांत ओल्या रस्त्यावरची पकड आणि शांतपणा यांना महत्त्व दिलेलं आहे. एक्सएम२+ अर्धा झिजल्यावरही पावसात ब्रेक चांगला धरतो, ही त्याची खरी किंमत. मात्र त्याची भिंत तुलनेने मऊ आहे, हवा कमी ठेवून खड्ड्यात आपटला तर भिंतीला फुगा लवकर येतो. अर्थ-१ सर्वांत शांत, आयुष्य त्यामानाने कमी. सिक्युराड्राइव्ह या गटात खिशाला हलका आहे आणि वळणावर नीट बसतो.

वर्षाला दहा हजारांच्या आत चालणाऱ्या आणि पावसाळ्यात कुंभार्ली, वरंधा किंवा आंबोली घाट चढणाऱ्या घरगुती गाडीला आमची शिफारस ट्रिपलमॅक्स २ ची. बजेट ताणता येत असेल आणि दर पंधरा दिवसांनी हवा तपासायची सवय असेल तर एक्सएम२+. पैसे वाचवायचेच असतील तर सिक्युराड्राइव्ह घ्या, पण पकड सोडून कडक टायरकडे जाऊ नका.

कंपनी ठरली तरी काम अर्धंच झालं. टायरच्या भिंतीवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, ती टायर बनल्याची तारीख. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल नाकारा, निदान भाव पाडून घ्या. चारही टायरचे आकडे स्वतः वाचा, एकाचा वाचून थांबू नका. साठ्यातला उरलेला एखादा जुना टायर चौघांत खपवला जातो. हे आकडे एकाच भिंतीवर असतात, त्यामुळे रिमवर चढल्यावर ते आतल्या बाजूला जाऊ शकतात. म्हणून चढवण्याआधीच पाहायचं.

मापाशेजारी ८८एच किंवा ८८टी असं लिहिलेलं असतं. ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो भार, टी म्हणजे ताशी १९०, एच म्हणजे २१०. भाराचा आकडा मूळ टायरपेक्षा कमी कधीच घेऊ नये. वेगाच्या अक्षराची फार चिंता नको. समृद्धी महामार्गावर कारची मर्यादा ताशी १२० आहे, टी त्याला पुरून उरतो. तिथे उन्हाळ्यात टायर फुटतो तो बहुधा कमी हवेमुळे. हवा कमी असली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, वाकण्याने तापते, आतले थर सुटतात. ज्या टायरला आधीच फुगा आहे किंवा जो वाळला आहे, तो आधी जातो.

रुंद टायरचा मोह बऱ्याच जणांना होतो. १९५/६५ आर १५ बसतो, पण एकूण व्यास ६२१ मिलिमीटरवरून ६३४ वर जातो, म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त. स्पीडोमीटर कमी वेग दाखवायला लागतो, पिकअप थोडा मंदावतो, मायलेज घटतं. कंपनीचं माप ठेवून चांगली जात घेतलेली बरी. स्विफ्ट-डिझायरच्या खालच्या मॉडेलच्या १६५/८० आर १४ वाल्यांनी मात्र १८५/७० आर १४ चा विचार करायला हरकत नाही. व्यासातला फरक एक टक्क्याच्या आत राहतो, पाच इंची रिमला तो चालतो आणि ब्रेक लावल्यावर पकड वाढलेली जाणवते. स्टीअरिंग किंचित जड होईल, आणि स्टेपनी जुन्या मापाची राहील हे लक्षात ठेवा.

दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. पुढचे आधी झिजतात म्हणून नवे पुढे लावायची पद्धत सर्रास आहे, आणि ती धोक्याची आहे. साचलेल्या पाण्यावर मागचा गुळगुळीत टायर तरंगला की गाडीचा मागचा भाग फिरतो आणि ती सावरणं सामान्य चालकाला जमत नाही. पुढचा तरंगला तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की पुन्हा धरते. नक्षीच्या खोबणीत १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात, भिंतीवरच्या टीडब्ल्यूआय (TWI, झीज दाखवणारी) खुणेच्या रेषेत त्या सापडतात. टायर पट्टीला टेकला की कायद्यानेही संपला. घाटात आणि कोकणात जाणाऱ्याने मात्र तीन मिलिमीटरलाच बदलावा, त्याखाली खोबणी पाणी नीट फेकू शकत नाहीत.

भाव विचारताना सगळं धरून विचारा: टायर, नवा व्हॉल्व्ह, चढवणं, बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं), अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आणि जुन्या टायरची वजावट. काही दुकानं टायर स्वस्त सांगतात आणि बाकीच्यातून भरून काढतात. ट्यूबलेसचा रबरी व्हॉल्व्ह प्रत्येक वेळी बदलायचाच. जुना ठेवला तर त्याच्या बुडाला चीर पडून हवा हळूहळू जाते आणि पंक्चर सापडत नाही. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे देऊ नका. त्याचा खरा फायदा हवा कोरडी असण्याचा, साधी हवा वेळेवर तपासली तर तितकीच चालते.

चढवताना उभं राहून पाहावं असं एक काम आहे. टायरच्या भिंतीवर पिवळा ठिपका असेल तर ती टायरची सर्वांत हलकी जागा. ती व्हॉल्व्हसमोर आली की बॅलन्सिंगला वजन कमी लागतं. एका कडेला ६० ग्रॅमहून जास्त लागत असेल तर शिशाचे तुकडे लावत बसण्याऐवजी हवा सोडून टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून घ्यायला सांगा. बहुतेक वेळा आकडा निम्म्यावर येतो. अलॉय रिमला आतून चिकटणारी वजनं लावावीत, कडेला ठोकायची नाहीत. भिंतीवर 'आउटसाइड' लिहिलं असेल तर ती बाजू बाहेरच हवी. नट गनने कचकचून न आवळता शेवटी टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून घ्या, आणि शंभर किलोमीटरनंतर एकदा तपासा.

नवा टायर बसवण्याआधी जुना नीट बघा, कारण जुन्याने जे भोगलं तेच नवा भोगणार. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी राहिली, मधला पट्टा झिजला असेल तर जास्त. आतली कड एकटीच खाल्ली असेल तर अलाइनमेंट बाहेर गेलं आहे. हात फिरवल्यावर खळगे-खळगे लागत असतील तर शॉकअप गेला आहे, तो बदलल्याशिवाय नवे टायर घालणं म्हणजे पाच-सात हजार किलोमीटरांत तेच दुखणं पुन्हा.

हवेचा आकडा चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. टायरच्या भिंतीवरचा आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो भरायचा नाही. सकाळी, गाडी चालवण्याआधी मोजा. पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक आणि जोरात वळणं टाळा, साच्यातून निघतानाचा थर पृष्ठभागावरून जायला तेवढं चालावं लागतं. दर ८,००० ते १०,००० किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे. बिलावर चारही टायरचे अनुक्रमांक लिहून घ्या. वॉरंटी उत्पादनातल्या दोषाची असते आणि शिल्लक नक्षीच्या प्रमाणात पैसे मिळतात. खड्ड्यातला फुगा आणि कापलेली भिंत त्यात सहसा येत नाही, काही कंपन्या त्यासाठी वेगळी हमी देतात. ती आहे की नाही आणि किती महिन्यांची, हे बिल होण्याआधी लेखी घ्या.