माजी सैनिक मदत केंद्र: पाचपैकी पाच तारे

२२ वर्षं तोफखान्यात काढली. उजवा कान गेला, लो मेडिकल कॅटेगरीत, म्हणजे तब्येतीच्या खालच्या श्रेणीत घरी आलो, आणि लष्कराच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर शेरा: ‘सेवेशी संबंध नाही’. म्हणून डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन, नाकारली. तालुक्याच्या गावी एक निवृत्त सुभेदार हे केंद्र चालवतात. साहेबांनी आधी चहा दिला, मग भरतीवेळची मेडिकल मागवायला लावली. तिथे कान ठणठणीत! धरमवीर सिंग खटल्यात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेमुळेच मानायचा. उलटं सिद्ध करणं सरकारचं काम. आमच्या अपिलात पहिला मुद्दा हाच. पैसा एक घेतला नाही. जिना फार उभा आहे, पण गुडघे गेलेल्यांना साहेब खाली येऊन भेटतात. निकाल यायचाय. बायकोने फाईल देवघरात ठेवलीय.