द नेम ऑफ द रोझ: मठातले खून आणि शॉन कॉनरीचं डोकं

१९८६ चा पिक्चर, काल शेवटी बघितला. १३२७ सालचा इटलीतला डोंगरावरचा मठ, साधू एकेक करून मरतायत आणि सगळे म्हणतायत सैतानाचं काम, पण शॉन कॉनरीचा विल्यम मात्र बर्फातले ठसे बघतो, मेलेल्याची काळी पडलेली बोटं बघतो, आणि गंमत म्हणजे तो स्वतःही साधूच आहे, देव मानतो पण डोकं गहाण टाकत नाही. हसणं पाप आहे का यावरचा वाद तर कमालच!! इन्क्विझिटर (धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा देणारा चर्चचा न्यायाधीश) बर्नार्डो आला की खरंच पोटात गोळा येतो, त्याला पुरावा नकोच असतो, कबुली हवी असते. लव्ह सीन उगाच वाटला. लायब्ररीचा भूलभुलैया मात्र मोठ्या स्क्रीनवरच बघा.