डीकोडर बसवून देतो म्हणून नेलेली स्विचर इंजिनं

न्यू जर्सी आणि पूर्व पेनसिल्व्हेनियात एचओ स्केलची, म्हणजे छोट्या मॉडेल रेल्वेची, स्विचर इंजिनं जमवणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. पुण्या-मुंबईहून भाच्या-पुतण्याच्या बॅगेतून इकडे इंजिन पाठवून त्यात साउंड डीकोडर, म्हणजे इंजिन आणि त्याचा आवाज चालवणारी छोटी इलेक्ट्रॉनिक पट्टी, बसवून घेणारेही काही आहेत, त्यांनी तर जरूर वाचावं. एक माणूस गेली काही वर्षं इथल्या ट्रेन शोमधून फिरतोय. आमच्या गटातल्या बहुतेकांची इंजिनं त्यानं लांबवली आणि अजून तो थांबलेला नाही. नाव देत नाही, कारण तक्रार चालू आहे. शिवाय उद्या तो दुसरं नाव घेऊन येईल. पद्धत मात्र तीच राहील, म्हणून ती सविस्तर सांगतो.

ज्यांना या छंदाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. स्विचर म्हणजे यार्डात डबे इकडचे तिकडे करणारं शंटिंगचं इंजिन. मेल-एक्स्प्रेस ओढणाऱ्या इंजिनांचा रुबाब त्याला नाही, पण घरात जागा कमी असेल तर त्याच्याइतकी मजा कशातच नाही. एचओ म्हणजे १:८७, दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. भिंतीवरच्या एका फळीवर इंग्लंडच्या अ‍ॅलन राइट यांचं ‘इंगलनूक’ हे शंटिंगचं कोडं मांडता येतं. तीन सायडिंग, म्हणजे बाजूला फुटणारे रूळ, एकीत पाच डबे मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. एकूण आठ डबे, त्यातले पाच चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि चिठ्ठ्या निघाल्या त्याच क्रमानं गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ वाटतो, करायला बसलं की जेवायची हाक ऐकू येत नाही.

आणि न्यू जर्सीत राहून स्विचर नाही जमवायचं तर काय जमवायचं? अमेरिकेत व्यवहारात टिकलेलं पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक इंजिन स्विचरच होतं, इथल्याच जर्सी सेंट्रल रेल्वेचं, १९२५ सालचं, क्रमांक १०००. ताकद अवघी ३०० हॉर्सपॉवर. बाल्टिमोरच्या बी अँड ओ रेल्वे म्युझियममध्ये ते जपून ठेवलंय. खरी इंजिनं बनवणाऱ्या कंपन्यांपैकी आमच्या गटात कुणी अल्कोचा भक्त, कुणी ईएमडीचा, एक निवृत्त मेकॅनिक फक्त बाल्डविनचा. पेनसिल्व्हेनियातला एक मित्र जीईची ४४ टनी इंजिनं गोळा करतो. चव्वेचाळीसच टन का, तर १९३७ च्या करारानुसार ९०,००० पौंड आणि त्याहून जड इंजिनावर ड्रायव्हरच्या जोडीला फायरमन ठेवणं भाग होतं. जीईनं १९४० पासून वजन त्याच्या जरासं खाली ठेवून इंजिनं काढली आणि रेल्वे कंपन्यांचा एक पगार वाचवला. असल्या गोष्टी सांगायला तो कुणालाही थांबवतो.

आमच्याकडे इंजिनं फिरती असतात. माझं अल्को महिनाभर मित्राच्या यार्डात राबतं, त्याचं जीई माझ्या फळीवर. कागद नाही, पावती नाही. फसल्यावर अनेकांनी ऐकवलं की लेखी का घेतलं नाही. मला हे पटत नाही. ज्याच्या तळघरात आपण अर्धा रविवार घालवतो त्याच्याकडून स्टॅम्प पेपर कोण मागतं? छंद याच उधारीवर चालतो, आणि त्या माणसानं नेमकी तीच हेरली.

तो आम्हाला भेटला मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट स्प्रिंगफील्डच्या जानेवारीतल्या शोमध्ये, अ‍ॅमहर्स्ट रेल्वे सोसायटी भरवते त्या. आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला आणि बोलायला लागला. त्याला विषय येतो, हे आधीच सांगून टाकतो. अल्कोचं ६६० हॉर्सपॉवरचं एस-१ आणि १००० हॉर्सपॉवरचं एस-२ तो लांबून चिमणी बघून ओळखायचा. नवशिका ठग असता तर चहा पिऊन निघून गेला असता. यानं पहिली काही कामं उत्तम करून दिली. डीकोडर व्यवस्थित बसवलेला, तारा नीट बांधलेल्या, स्पीकर केबिनच्या आत दिसणार नाही असा. मजुरी इतरांपेक्षा कमी. वर डब्यात इंजिनाच्या नंबरासह हातानं लिहिलेलं कार्ड. ते कार्ड बघून तर सगळे खूश.

मग शरद ऋतूत प्रस्ताव आला. पुढच्या जानेवारीच्या शोआधी सगळ्यांची इंजिनं एकदम करून देतो, डीकोडर घाऊक घेतले की स्वस्त पडतात, त्यांचे पैसे तेवढे आगाऊ द्या. प्रत्येकानं दोन-चार इंजिनं काढून दिली. पुण्याच्या एका मित्राचं एस-२ माझ्याकडे आलं होतं, तेही त्यात गेलं. लहानपणी कोथरूडच्या भाऊ जोशींच्या मिनिएचर रेल्वेसमोरून हलायला तयार नसलेला हा माणूस, त्यानं पै-पै जमवून घेतलेलं इंजिन. आवाजासकट नवं स्विचर आज अडीचशे-तीनशे डॉलरच्या घरात जातं, रुपयात काय ते तुम्हीच बघा.

त्यानंतर कारणं सुरू झाली. डीकोडर कारखान्यातून आले नाहीत. हाताची शस्त्रक्रिया झाली. बायकोची आई आजारी. प्रत्येकाला वेगळं कारण, आणि प्रत्येकाला ‘इतरांना सांगू नका, ते उगीच घाबरतील’ अशी जोड. हे वाक्य कुणी म्हटलं तर त्याच दिवशी इतरांना फोन करा.

शोच्या तोंडावर काही इंजिनं परत आली. पुण्याचं एस-२ मी टेबलावर घेतलं. बॉडीवर त्यानं फुकटात मळकट रंग मारून दिला होता, डिझेलचे ओघळ, पायऱ्यांवर गंज, सुरेख काम. तो फुकट का होता हे इंजिन उलटं केल्यावर कळलं. एस-२ च्या खाली ब्लंट पद्धतीचे ट्रक हवेत, म्हणजे चाकांच्या चौकटी, त्यांच्या स्प्रिंगांची ठेवण वेगळीच दिसते. इथे होते साधे एएआर ट्रक, जे नंतरच्या एस-४ ला असतात. वरची बॉडी दोन्हींची जवळपास सारखी, त्यामुळे एस-४ ची जुनी चासी, म्हणजे मोटार आणि चाकांचा सांगाडा, खाली सरकवली आणि रंगाखाली सांधा झाकला की शोच्या गर्दीत कुणाला पत्ता लागत नाही.

रुळावर ठेवलं तर इंजिन सुरू झालं ईएमडीच्या आवाजात. एस-२ मध्ये अल्कोचं सहा सिलिंडरचं ५३९ इंजिन होतं, त्याची धापा टाकल्यासारखी लय ज्यानं एकदा ऐकली त्याची ईएमडीच्या ५६७ इंजिनाशी गल्लत होत नाही. आवाजाची फाइल चुकून दुसरी पडली असेल, असं म्हणायला जागा होती, म्हणून प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डीकोडर तपासायच्या वेगळ्या रुळावर, नेऊन सीव्ही ८ हा डीकोडरमधला आठव्या जागेवरचा आकडा वाचला. प्रत्येक डीकोडरमध्ये या जागी बनवणाऱ्याचा क्रमांक असतो. इंजिन जागच्या जागी बारीक हिसके देतं आणि कंट्रोलरच्या पडद्यावर आकडा उमटतो. आमच्याकडून पैसे घेतले होते जर्मनीच्या ईएसयू कंपनीच्या डीकोडरचे, तिचा क्रमांक १५१. पडद्यावर आला भलताच.

पुढची गंमत ‘कीप-अलाइव्ह’ची. स्विचरची चाकं कमी आणि जवळजवळ, त्यामुळे रूळ बदलायच्या सांध्यावर फ्रॉगचा, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथला, प्लॅस्टिकचा तुकडा आला की वीज तुटते आणि इंजिन अडतं. म्हणून आत कपॅसिटर घालतात, त्याचे वेगळे पैसे. तो आहे की नाही हे बॉडी न उघडता कळतं. डीसीसीवर, म्हणजे डीकोडर चालवणाऱ्या डिजिटल कंट्रोलवर, चालतं इंजिन रुळावरून अलगद उचलायचं. चाकं क्षणभर तरी फिरत राहायला हवीत आणि आवाजही चालू राहायला हवा. हे उचलताक्षणी गप्प झालं. खाली ठेवून सगळ्यात कमी वेगावर चालवलं तर चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्. आसावरच्या प्लॅस्टिकच्या गिअरला चीर गेली की दोन दातांतलं अंतर वाढतं आणि तिथे ठेच लागते. जुन्या चासींत हा रोग नेहमीचा आहे. स्विचर आपण घेतो ते मुंगीच्या पावलांनी चालावं म्हणून, आणि ते असं लंगडत होतं.

फोन केला तर म्हणाला, तुमची चासी बिघडली होती, मी माझ्या पदरची घातली. वर आभाराची अपेक्षा.

त्या रात्री सगळ्यांनी आपापली इंजिनं उलटी केली. बाल्डविनवाल्याच्या इंजिनात मोटारच दुसरी. एकाच्या डब्यात चासीऐवजी शिशाचं वजन कोंबलेलं, म्हणजे हाताला जड लागावं. बाकीची इंजिनं आलीच नाहीत. यथावकाश एका छोट्या शोमध्ये आमच्यातल्या एकाला स्वतःचं ईएमडीचं एसडब्ल्यू-९ दुसऱ्याच्या टेबलावर विक्रीला दिसलं. पुढच्या कठड्याची तुटलेली काडी त्यानं स्वतः पितळी तारेनं जोडली होती, ती तशीच. टेबलवाल्यानं ते रोख पैसे देऊन घेतलं होतं, बिचारा तोही अडकला. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. उलट त्यानंच पुढे लेखी दिलं की हे कुणाकडून आणि कधी घेतलं.

मला सगळ्यात जास्त संताप आला तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्या गटातले एक वयस्कर सभासद वारले, त्यांच्या घरी हा माणूस समाचाराला गेला. त्यांच्या पत्नीला म्हणाला, संग्रहाची किंमत काढून देतो. चकचकीत रंगवलेली प्लॅस्टिकची इंजिनं ‘ही जपून ठेवा’ म्हणून कपाटात परत लावली आणि रंग नसलेली, काळवंडलेली धातूची ‘ही भंगारात जातील, मी काढून टाकतो’ म्हणून उचलली. ती जपानी बनावटीची ब्रास, म्हणजे पितळी, मॉडेल होती. ब्रास बहुतेकदा न रंगवताच विकलं जायचं, घेणाऱ्यानं आपल्या रेल्वेचा रंग द्यायचा. संग्रहातला खरा पैसा त्यातच होता. तुमच्या घरी असा संग्रह असेल तर डब्यावर किंमत नाही लिहिली तरी निदान ‘ब्रास, आधी मित्रांना विचार’ एवढं तरी आज लिहून ठेवा. मी लिहिलं.

पैशाचं काय झालं तेही सांगतो. ज्यांनी थेट बँकेतून बँकेत पाठवले त्यांना बँकेनं सांगितलं, तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत. ज्यांनी पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ निवडलं त्यांनाही संरक्षण नाही, आणि हा माणूस शुल्क वाचतं म्हणून तेच निवडायला लावायचा. एकानं हट्टानं ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’, म्हणजे खरेदीचा पर्याय, निवडला होता. पेपॅलवर अशा व्यवहाराची तक्रार १८० दिवसांच्या आत करता येते, त्याला डीकोडरचे पैसे परत मिळाले. कारणं ऐकण्यात हे दिवस सरकवत न्यायचे, हाही त्याच्या पद्धतीचाच भाग असावा. स्थानिक पोलिसांचं म्हणणं, वस्तू तुम्ही राजीखुशीनं दिली, हा दिवाणी मामला. पण काही पार्सलं सरकारी पोस्टानं गेली-आली होती, त्यामुळे पोस्टल इन्स्पेक्शन सर्व्हिसकडे तक्रार करता आली, आणि एफबीआयच्या इंटरनेट क्राइम कम्प्लेंट सेंटरकडेही. सगळ्यांनी एकाच मजकुराच्या, एकमेकांचा उल्लेख असलेल्या तक्रारी दिल्या. सुटी तक्रार कुणी वाचेल की नाही शंका आहे, गठ्ठा निदान दिसतो.

तेव्हापासून इंजिन हातातून सोडण्याआधी मी ते उलटं करून ट्रक, टाकी आणि चाकांचे फोटो काढतो, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करतो, आणि मंदगतीनं चालतानाचा आवाजासकट छोटा व्हिडिओ घेतो. बॉडी उघडून आत चासीवर आणि मोटारीवर सुईनं दोन अक्षरं कोरतो. बाहेर खूण केली तर ती रंगाखाली जाते. परत आल्यावर सीव्ही ८ वाचल्याशिवाय उरलेले पैसे देत नाही. आमच्यातल्या जुन्या मित्रांना हे पहिल्यांदा अपमानास्पद वाटलं. आता तेच माझ्यासाठी काटा काढून ठेवतात.

अजून न सापडलेली इंजिनं सांगून ठेवतो. पुण्याच्या एस-२ ची मूळ चासी, काळी, ब्लंट ट्रकची. टाकीच्या खालच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर घसरल्याचा तिरका ओरखडा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या मित्राचं ४४ टनी जीई, केबिनच्या डाव्या खिडकीत बसवलेल्या ड्रायव्हरला निळी टोपी, आणि एका बाजूची शिडी मुळातच वाकडी. बाल्डविन व्हीओ-१००० एक, रंग न दिलेलं. ही कुठल्या टेबलावर दिसली तर विकणाऱ्यावर ओरडू नका, त्यानंही पैसे मोजलेले असतील. कुणाकडून घेतलं तेवढं विचारा, फोटो काढा, आणि ज्या शोमध्ये असाल तिथल्या आयोजकांना लगेच दाखवा.