कार्ड गेलंच नव्हतं, केबलमधली एक तार सोडलेली होती

मार्गशीर्षात आमच्या गावात अखंड हरिनाम सप्ताह असतो. गाव गंगाखेडच्या अलीकडं, गोदाकाठी. यंदा जमाखर्चाची वही माझ्याकडं होती, म्हणून हे मीच लिहायला पाहिजे. वर्गणीतले ९,४०० रुपये एका दुकानदारानं आमच्याकडून काढले, आणि ज्या पद्धतीनं काढले ती कोणत्याही गावच्या मंडळावर चालेल अशी आहे.

जुना अँप्लिफायर जळाला म्हणून जिल्ह्याच्या गावातून नवा पॉवर अँप्लिफायर आणला. त्याला मागच्या बाजूला फक्त तीन पिनांची एक्सएलआर सॉकेटं. आमचा माईकचा मिक्सर जुना, त्याचं आउटपुट आरसीए, म्हणजे मधे एक पिन आणि बाहेर कडं. "काळजी करू नका गुरुजी, बॅलन्स केबल बनवून देतो," असं म्हणून दुकानदारानं दोन केबलींचे १,७०० घेतले. मंडपात जोडल्याबरोबर कर्ण्यातून घूंऽऽ सुरू झालं, आणि हरिपाठाचा आवाज पहिल्यापेक्षा निम्मा.

फोन केला. "घूं करायलंय? आवाज बी कमी येतोय? मग इनपुट कार्ड गेलं बघा. तुमच्या गावच्या लाइटीनं उडवलं ते, वॉरंटीत बसत नाही." इनपुट कार्ड म्हणजे बाहेरून आलेला आवाज आत घेणारी अँप्लिफायरमधली पट्टी. सप्ताह चार दिवसांवर आलेला. अँप्लिफायर दुकानात नेला, दोन दिवसांनी आणला, कार्डाचे ४,५०० दिले. घूं तशीच. मग त्याचा पोरगा एक काळी पेटी घेऊन आला, 'हम फिल्टर', ३,२०० रुपये. ती जोडली, आणि जाता जाता त्यानं अँप्लिफायर आणि मिक्सर या दोन्हींच्या प्लगांची वरची जाड पिन पक्कडीनं मोडून टाकली. घूं थोडी कमी झाली. आम्ही त्याला जेवू घालून पाठवलं.

चौथ्या रात्री पहाऱ्यावर आबा होते. पहाटेची वेळ, खाली सतरंजी दवानं ओली, पाय अनवाणी. माईक सरळ करायला त्यांनी दांडीला हात लावला आणि हात झटकला. वीणा खाली टेकवायची नसते, म्हणून त्यांनी ती छातीशी घट्ट धरली आणि दुसऱ्याला हाक मारली. त्यांना काही झालं नाही. पण मोडलेली ती पिन अर्थिंगची होती. ती असताना यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली तर जमिनीत जाते. ती नसेल तर माईक धरणाऱ्या माणसातून जाते. घूं घालवायला कोणी प्लगाची पिन मोडायला लागला, तर त्याला मंडपातून बाहेर काढा. तो कितीही जाणकार असू द्या.

माझा एक जुना विद्यार्थी आयटीआय करून नांदेडला काम करतो. सप्ताहाला आला होता. त्यानं सगळ्यात आधी माईक बंद करून दोन्ही प्लग बदलले. मग अँप्लिफायर उलटा केला आणि म्हणाला, "सर, कार्ड बदललं म्हणता, मग हे काय?" झाकणाच्या सांध्यावरचं वॉरंटीचं स्टिकर अखंड होतं. ते फाडल्याशिवाय झाकण निघतच नाही. दोन दिवस अँप्लिफायर दुकानात नुसता पडून होता.

नंतर त्यानं केबलच्या टोकाचा एक्सएलआर जोड उघडला. पिन १ वर जाळी (तारेभोवतीचं धातूचं विणलेलं आवरण), पिन २ वर तार, पिन ३ मोकळी. बॅलन्स इनपुट पिन २ आणि पिन ३ मधला फरक मोजतं. वाटेत लाइटीची ५० हर्ट्‌झची घरघर दोन्ही तारांवर सारखीच चढते, म्हणून फरक काढताना ती वजा होते. पिन ३ मोकळीच सोडली तर वजा करायला काही उरत नाही. घूं येते, आणि बऱ्याच अँप्लिफायरांत आवाजही निम्मा पडतो. शिवाय असा आरसीए मिक्सर साधारण ०.३ व्होल्ट देतो, आणि असे अँप्लिफायर सव्वा व्होल्टाच्या हिशोबानं बनतात. आवाज थोडा कमी येणारच, त्यासाठी नॉब वर करायचा असतो. ह्याच दोन गोष्टी दाखवून दुकानदारानं आम्हाला 'कार्ड गेलं' म्हणून पटवलं होतं.

विद्यार्थ्यानं दोन तारा आणि वर जाळी असलेली माईकची वायर घेतली. लाल तार आरसीएच्या मधल्या पिनेपासून पिन २ ला, पांढरी बाहेरच्या कड्यापासून पिन ३ ला. जाळी एका टोकाला पिन १ ला आणि दुसऱ्या टोकाला पांढरीसोबत त्याच कड्याला. अर्ध्या तासाचं काम. जोडल्यावर मंडपात एकदम इतकं शांत झालं, की टाळकऱ्यांनी कर्णे बंद पडले म्हणून वर पाहिलं.

शेवटी ती काळी पेटी. घूं तोडणारी खरी पेटी मिळते. तिच्यात ट्रान्सफॉर्मर असतो आणि इनपुटची तार आउटपुटच्या तारेला थेट लागत नाही. मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक इनपुटला, एक आउटपुटला लावायचं. खऱ्या पेटीत बीप येत नाही. आमच्या पेटीत आली. उघडली तर आत सरळ जोडलेल्या तारा आणि एक लाल एलईडी.

पक्कं बिल फक्त अँप्लिफायरचं होतं. कार्डाचे पैसे मात्र फोनवरून पाठवलेले, त्याची नोंद राहिली. स्टिकरचा फोटो, केबलचा फोटो आणि ती नोंद घेऊन राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली. जिल्हा ग्राहक आयोगात जायचं तर २ वर्षांच्या आत जावं लागतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. हेल्पलाइनकडून दुकानाला विचारणा गेल्यावर कार्डाचे ४,५०० परत आले. वहीत ते जमा बाजूला मांडलेत. केबलीचे आणि पेटीचे मिळून ४,९०० यायचे बाकी आहेत, आणि तक्रार मी मागे घेतलेली नाही.