जर्नल ऑफ इनऑरगॅनिक बायोकेमिस्ट्री: एका जुन्या वाचकाचा अभिप्राय

पेपर कुठलाही असो, मी आधी त्याचा प्रायोगिक भाग वाचते. प्रस्तावना नंतर, वेळ उरला तर. प्रस्तावनेत प्रत्येक धातू जीवनावश्यक असतो आणि प्रत्येक नवं संयुग कर्करोगावर आशेचा किरण असतं. प्रयोगशाळेत नेमकं काय झालं ते 'काय कशात विरघळवलं' अशा एखाद्या रुक्ष ओळीत सापडतं. ही सवय मला बरीचशी याच जर्नलनं लावली. उरलेली माझ्याच एका चुकीनं लावली, ती पुढे सांगते.

लिहायला निमित्त झालं एका मैत्रिणीचं. तिच्याकडे पीएचडीची मुलं आहेत. तिनं फोनवर या जर्नलबद्दल विचारलं, "याचा इम्पॅक्ट फॅक्टर तीन-चारच्या घरातला. मुलांना इथे पेपर पाठवू दे की आणखी वरचं काही बघू?" मी तेव्हा "पाठवू दे गं" म्हणून फोन ठेवला. (इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलमधल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला त्याचा आकडा; हिशेब पुढे येतो.) पण 'वरचं' हा शब्द डोक्यातून जाईना.

आधी थोडी ओळख. हे जर्नल १९७१ मध्ये 'बायोइनऑरगॅनिक केमिस्ट्री' या नावानं सुरू झालं आणि १९७९ मध्ये त्याचं आजचं नाव झालं. म्हणजे 'बायो' तेवढं विशेषणावरून उठून नामाला जाऊन चिकटलं. गंमत सोडा, पण सत्तरच्या दशकातला एखादा जुना संदर्भ शोधत असाल तर जुनं नाव टाकून बघा, नाहीतर तो पेपर जगात नव्हताच असं वाटेल. प्रकाशक एल्सेव्हिअर. विषय धातू आणि सजीव यांच्यातला सगळा व्यवहार: हिमोग्लोबिनमधलं लोह, एन्झाइममधलं जस्त आणि तांबं, औषधातलं प्लॅटिनम, शिवाय या एन्झाइमांची नक्कल करणारी प्रयोगशाळेतली छोटी संयुगं. प्रथिनांच्या त्रिमितीय रचना साठवणारी प्रोटीन डेटा बँकही १९७१ चीच. तेव्हा तिच्यात अवघ्या ७ रचना होत्या, आज दोन लाखांवर आहेत. ढोबळमानानं एक तृतीयांश प्रथिनांना कामासाठी कुठला ना कुठला धातू लागतो. तेव्हा या जर्नलला विषय कमी पडण्याची भीती नाही.

आता माल कसा आहे ते. एन्झाइमवरचे पेपर उत्तम. हीम (लोह धरणारा सपाट रेणू), सायटोक्रोम पी-४५०, तांब्याची ऑक्सिडेज असल्या विषयांवर इथे जे येतं ते सावकाश वाचण्यासारखं असतं. स्पेक्ट्रम नीट दिलेले, ईपीआरचं (धातूतले एकटे इलेक्ट्रॉन दाखवणाऱ्या मोजमापाचं) सिम्युलेशन कोणत्या आकड्यांवर केलं ते सांगितलेलं. मथळा गाजावा म्हणून लिहिलेला नसतो. पाच वर्षांनी कुणाला तोच प्रयोग करायचा झाला तर करता येईल, एवढा तपशील असतो. माझ्या लेखी जर्नलची हीच खरी किंमत.

औषधी संयुगांच्या भागात मात्र साचा दिसतो, आणि तो या विषयातल्या सगळ्याच जर्नलांत दिसतो. एक शिफ बेस (धातूला धरणारा सोपा सेंद्रिय रेणू) घ्यायचा, त्यात तांबं, निकेल, कोबाल्ट, जस्त असे चार धातू बसवायचे, वासराच्या थायमसच्या डीएनएशी बंध मोजायचा, डीएनएत शिरलेला इथिडियम ब्रोमाइड हा रंग हटतो का बघायचं, कर्करोगाच्या दोन-तीन पेशीवाणांवर एमटीटी (किती पेशी जिवंत उरल्या ते दाखवणारी चाचणी) करायची आणि शेवटी डॉकिंगचं (संगणकावर रेणू डीएनएत किंवा प्रथिनात बसवून पाहण्याचं) रंगीत चित्र लावायचं. मीही हेच केलंय, त्यामुळे हसायचा अधिकार मला थोडा जास्त आहे. या साच्याला बळ मिळालं ते सिसप्लाटिन या कर्करोगावरच्या प्लॅटिनमच्या औषधामुळे. ते संयुग पेरोने नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८४४ मध्येच बनवलं होतं. १९६५ मध्ये रोझेनबर्ग विजेच्या क्षेत्राचा जिवाणूंवर काय परिणाम होतो ते बघत होता. जिवाणू विभागायचे थांबून नुसतेच लांब वाढत गेले, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की करामत विजेची नाही, इलेक्ट्रोडमधून सुटलेल्या प्लॅटिनमची आहे. १९७८ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. तेव्हापासून प्रत्येक धातूच्या संयुगात लोकांना पुढचं सिसप्लाटिन दिसतं.

आता माझी गोष्ट. पीएचडीत मी तांब्याचं एक फेनँथ्रोलीन संयुग केलं होतं. पाण्यात विरघळेना, म्हणून डीएमएसओ या गंधकयुक्त द्रावकात विरघळवलं. तुलनेसाठी सिसप्लाटिन हवं होतं. 'दोन्हींना सारखंच द्रावक हवं' या शिस्तीपायी तेही डीएमएसओमध्येच विरघळवलं आणि ती बाटली फ्रीजमध्ये ठेवून आठवडाभर वापरली. निकाल झकास आला. माझं संयुग सिसप्लाटिनपेक्षा कितीतरी पटीनं विषारी. पेपर एका बऱ्या जर्नलमध्ये (त्याचं नाव नको) छापून आला आणि बघता बघता त्याच्या सायटेशननी (इतर पेपरांनी दिलेल्या संदर्भांनी) शंभरी ओलांडली. माझ्या बाकी कुठल्याच पेपराला ते जमलेलं नाही.

२०१४ मध्ये 'कॅन्सर रिसर्च'मध्ये एक पेपर आला. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की प्लॅटिनमची औषधं डीएमएसओमध्ये विरघळवू नका. डीएमएसओमधलं गंधक प्लॅटिनमला जाऊन चिकटतं, क्लोराइडला हुसकून लावतं आणि औषध निकामी होतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीनं यात नवल काहीच नव्हतं. गंधक आणि प्लॅटिनमची ओढ आम्ही एमएस्सीलाच शिकलेलो. मी दुसऱ्याच दिवशी सिसप्लाटिन डीएमएसओमध्ये घालून प्लॅटिनम-१९५चा एनएमआर (प्लॅटिनमला काय चिकटलंय ते सांगणारं मोजमाप) लावला. पीक मूळ जागेपासून जवळजवळ हजार पीपीएम सरकलेला. स्क्रीनकडे बघत बसले. आठवडाभर फ्रीजमध्ये असलेल्या त्या बाटलीत सिसप्लाटिन कितीसं उरलं असेल, हे सांगायला कुणाची गरज नव्हती. माझं संयुग सरस ठरलं होतं, कारण समोरच्या पहिलवानाला मीच आधी गुंगीचं औषध पाजलं होतं.

तर माझा सगळ्यात जास्त उद्धृत झालेला पेपर हा माझा सगळ्यात कमी भरवशाचा पेपर आहे. उलट दोन वर्षं खपून केलेला जस्ताच्या बंधस्थिरांकांचा (जस्त किती घट्ट बांधलं जातं त्या आकड्यांचा) पेपर आहे, तो मी आजही छातीठोकपणे कुणालाही दाखवीन. त्याची सायटेशन एका हाताच्या बोटांवर मोजता येतील आणि त्यातलं एक माझंच.

इम्पॅक्ट फॅक्टरचा हिशेब अवघड नाही. २०२४ चा आकडा काढायचा तर २०२२ आणि २०२३ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२४ मध्ये किती सायटेशन मिळाली ते मोजायचं आणि त्या दोन वर्षांतल्या मोजण्याजोग्या पेपरांच्या संख्येनं भागायचं. मूळ कल्पना यूजीन गारफिल्डची, १९५५ ची. सगळी मेख त्या दोन वर्षांत आहे. ज्या विषयात लोक दर आठवड्याला एकमेकांचे पेपर वाचून लगेच लिहितात तिथे ती खिडकी पुरते. आमच्याकडे नायट्रोजिनेजचं उदाहरण घ्या. हवेतला नायट्रोजन फोडणारं हे एन्झाइम. त्याच्या लोह-मॉलिब्डेनम गाभ्याची रचना १९९२ मध्ये कळली. गाभ्याच्या ऐन मध्ये कुठलातरी हलका अणू बसलाय हे २००२ मध्ये दिसलं. तो कार्बन आहे हे ठरायला २०११ उजाडलं. रचना कळल्यापासून एका अणूची ओळख पटायला एकोणीस वर्षं! सरासरी तर त्याहून फसवी. मूठभर रिव्ह्यू (आधीच्या कामाचा आढावा घेणारे) लेख भरमसाट सायटेशन ओढतात आणि बाकीचे पेपर त्यांच्या जिवावर मिरवतात. एखाद्या पेपराचा दर्जा या आकड्यावरून ठरवू नये, असं सॅन फ्रान्सिस्कोच्या डोरा जाहीरनाम्याने २०१२ मध्येच सांगितलं. अनेक संस्थांनी त्यावर सह्या केल्या. निवड समितीत बसलं की पहिला प्रश्न तरीही तोच येतो.

ट्रेंड म्हणाल तर लाटा दिसतात. २०१२ मध्ये लोहावर अवलंबून असलेल्या पेशीमृत्यूला 'फेरोप्टोसिस' हे नाव मिळालं आणि २०२२ मध्ये तांब्यामुळे होणाऱ्या मृत्यूला 'क्युप्रोप्टोसिस'. तेव्हापासून तांब्याचं जुनंच संयुग नव्या मथळ्याखाली दाखल होतंय. मथळ्यात तो शब्द असला की सायटेशन वाढतात, म्हणून शब्द येतो. उथळ पाण्याला खळखळाट फार. पण सगळ्याच लाटा पोकळ नसतात, हेही कबूल करायला हवं. लँथॅनाइड (लँथॅनम, सीरियम वगैरे) मूलद्रव्यांना सजीवात काही काम नाही, असं आम्हाला शिकवलं होतं. २०११ नंतर मिथेनॉलवर जगणाऱ्या जिवाणूंच्या एन्झाइममध्ये ती सापडली आणि २०१८ मध्ये लॅनमोड्युलिन हे त्यांना घट्ट धरणारं प्रथिन पुढे आलं. हा खरा बदल, पाठ्यपुस्तकातलं वाक्य खोडायला लावणारा. दुसरा बदल अल्फाफोल्ड या प्रथिनांच्या रचनेचा अंदाज करणाऱ्या एआयचा. २०२१ मध्ये आलेलं ते मॉडेल प्रथिनाची घडी सुरेख दाखवायचं, पण धातू जागेवर नसायचा. चार सिस्टीन (प्रथिनातली गंधक असलेली अमिनो आम्लं) अगदी जस्त धरल्यासारखे तोंडाला तोंड लावून बसलेले आणि मध्ये पोकळी. २०२४ च्या आवृत्तीपासून आयनही बसवता येतात, पण तिथे जस्त आहे की लोह हे मॉडेलला विचारून ठरत नाही. त्यासाठी अजूनही नमुना आणि यंत्रच लागतं, म्हणजे या जर्नलचं काम शाबूत आहे.

सायटेशन मोजणारं यंत्र टीका आणि स्तुती यांत फरक करत नाही, याचं सगळ्यात मोठं उदाहरण आर्सेनिकचं. २०१० मध्ये 'सायन्स'मध्ये दावा आला की कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला एक जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरतो. २०१२ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी दाखवलं की तसं काही नाही. जर्नलनं तो पेपर मागे घेतला तो थेट २०२५ मध्ये. मधल्या काळात 'हे चूक आहे' म्हणत ज्यांनी ज्यांनी त्याचा संदर्भ दिला, ते सगळे त्याच्या खात्यात जमाच होत गेले. औषध म्हणून तपासल्या जाणाऱ्या, कार्बन मोनॉक्साइड सोडणाऱ्या रेणूंचंही असंच. वायू सुटला का ते मायोग्लोबिन या स्नायूतल्या लोहाच्या प्रथिनानं मोजायचे आणि मायोग्लोबिन क्षपित (त्यातलं लोह हा वायू धरू शकेल अशा अवस्थेत) ठेवायला डायथायोनाइट हे क्षपणक घालायचे. २०१२ मध्ये लक्षात आलं की काही नामांकित रेणूंमधून वायू सोडवणारं डायथायोनाइटच आहे. बाटलीतलं द्रावक काय आणि क्षपणक काय, घोटाळा व्हायचा तो असा साध्या जागी होतो.

याच घरातली इतर जर्नलंही चाळावीत. जेबिक (जर्नल ऑफ बायोलॉजिकल इनऑरगॅनिक केमिस्ट्री) १९९६ पासून आहे, जैव-अकार्बनी रसायनशास्त्राच्या सोसायटीचं. यंत्रणा कशी चालते यावर भर असलेलं काम मी तिथे आधी शोधते. मेटॅलॉमिक्स २००९ मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं सुरू केलं, २०२१ पासून ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे आहे. पेशीतला कुठला धातू कुठे किती, असं मोजमाप असेल तर ते बघा. संयुगाचं संश्लेषणच नवं असेल आणि जीवशास्त्र तोंडी लावण्यापुरतं, तर प्रामाणिकपणे डाल्टन ट्रान्झॅक्शन्स या अकार्बनी रसायनशास्त्राच्या जर्नलकडे जावं.

मैत्रिणीला सविस्तर उत्तर द्यायचं तर: एन्झाइम किंवा मॉडेल संयुगावर काम असेल तर डोळे मिटून पाठवू दे. औषधी संयुग असेल तर आधी मुलांना विचार, द्रावक कोणतं, त्यात संयुग २४ तास टिकतं का, आणि लिगँड (धातूला धरणारा रेणू) सोडून नुसत्या धातूच्या क्षारानं तोच परिणाम होतो का. मी रिव्ह्यूअर म्हणून हेच तीन प्रश्न विचारते आणि निम्म्या वेळा उत्तर 'पाहिलं नाही' असं येतं. सिसप्लाटिन सलाइनमध्ये, दर वेळी ताजं. क्लोराइड भरपूर असलं की ते शाबूत राहतं. पेशीत शिरल्यावर क्लोराइड कमी होतं आणि मगच ते कामाला लागतं. वाचक म्हणून माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो डॉकिंगच्या रंगीत चित्रांसाठी.

माझ्या त्या पेपरची दुरुस्ती मी नंतर पाठवली. संपादकांच्या दोन स्मरणपत्रांनंतर, कित्येक महिन्यांनी, ती एका पानावर छापून आली. वरातीमागून घोडं. तिला आजवर एकही सायटेशन नाही. मूळ पेपराचा संदर्भ कुणीतरी दिल्याचा अलर्ट मात्र गेल्या आठवड्यातही आला. नवं तांब्याचं संयुग, तीन पेशीवाण, तुलनेला सिसप्लाटिन. मी सवयीनं प्रायोगिक भाग उघडला. 'सर्व संयुगं डीएमएसओमध्ये विरघळवली', आणि पद्धतीचा संदर्भ म्हणून माझा पेपर.